होडीची मोटर दमते तेव्हा

तारकर्ली-देवबागच्या बाजूला गेलात तर छोट्या फायबरच्या होड्यांच्या मागच्या फळीवर एक लांबट यंत्र उभे अडकवलेले दिसेल. वर टोपी घातलेले इंजिन, त्याखाली पाण्यात बुडालेला पाय आणि पायाच्या टोकाला तीन पात्यांचा पंखा. हीच आउटबोर्ड मोटर. अशा होडीतून तुम्ही समुद्रावर निघाला आहात, अशी कल्पना करा. किनारा सोडताना मोटर झोकात चालते. पण थोड्या वेळाने होडीचा वेग उतरू लागतो. मूठ पूर्ण पिळली तरी होडी उचल घेत नाही. होडीत चार माणसे असली, तर आता चार निदाने होतात. एक म्हणतो, पेट्रोलमध्ये पाणी आले. दुसरा म्हणतो, प्लग गेला. तिसऱ्याला पंख्यात जाळे अडकल्याची शंका येते, आणि चौथा ‘मोटरच जुनी झाली’ असे सांगून मोकळा होतो.

चौघांचेही म्हणणे अशक्य नाही. पण चौघांच्याही म्हणण्याप्रमाणे एकेक भाग खोलून पाहायचे ठरवले, तर संध्याकाळ व्हायची. शिवाय होडी खाडीच्या मुखाशी असेल, तर तेवढा वेळ समुद्र देत नाही. तेथे वाळूच्या दांड्यांवर लाटा फुटत असतात. जोर नसलेली होडी वाऱ्याने आडवी फिरते आणि आडव्या होडीला लाट सहज उलटवते. म्हणून अशा वेळी आधी नांगर टाकावा, होडीचे तोंड लाटांकडे राहील असे पाहावे आणि मगच मोटरीकडे वळावे.

मोटरीकडे वळल्यावरही पाना उचलण्याआधी एक प्रश्न विचारायचा आहे : होडीचा वेग उतरला तेव्हा मोटरचे फेरे वाढले होते, की कमी झाले होते? या एका प्रश्नाच्या उत्तराने संशयितांची यादी निम्मी होते. असे का, हे समजायला तुमच्या पुस्तकातले पदार्थविज्ञान पुरेसे आहे.

पाणी आणि मोटर यांची रस्सीखेच

आधी या यंत्राची थोडी ओळख करून घेऊ. होडीला मागून अडकवायची मोटर लोकप्रिय केली ती अमेरिकेतील मिलवॉकी येथील ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या यंत्रज्ञाने. त्याच्याआधीही काहींनी अशा मोटरी केल्या होत्या. पण १९०९ मध्ये त्याने विकायला काढलेली एका सिलिंडरची, दीड अश्वशक्तीची, ६२ पौंड म्हणजे सुमारे २८ किलोग्रॅम वजनाची मोटर खऱ्या अर्थाने घराघरांत गेली. भर उन्हात तळ्यापलीकडून वल्हवत आइसक्रीम आणताना ते वितळले आणि त्यातून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. त्याच्या नावाच्या मोटरींचे उत्पादन २०२० मध्ये बंद झाले, पण रचना आजही तीच आहे : वर इंजिन, मधून खाली जाणारा दंड, तळाशी गिअरची पेटी आणि तिच्यामागे पंखा.

आता पंखा पाण्यात फिरतो तेव्हा काय होते ते पाहू. इंजिन पंख्याला फिरवू पाहते. पाणी त्याला अडवू पाहते. फिरवण्याच्या या जोराला पुस्तकात परिबल म्हणतात, कारखान्यात टॉर्क म्हणतात. पंखा जेवढा जोरात फिरेल तेवढा पाण्याचा विरोध वाढतो, आणि तो फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शक्ती म्हणजे परिबल गुणिले कोनीय वेग. म्हणजे पंख्याला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ‘शक्ती बरोबर परिबल गुणिले कोनीय वेग’ हे सूत्र दरवर्षी माझ्या वर्गातील मुले बिनचूक पाठ करतात आणि परीक्षेनंतर तेवढ्याच बिनचूकपणे विसरतात. समुद्रावर ते फार उपयोगाचे आहे.

मूठ पूर्ण पिळल्यावर मोटरचे फेरे वाढत वाढत एका आकड्यावर स्थिरावतात. समजा, मिनिटाला ५०००. हा आकडा कोण ठरवते? इंजिन एकटे नव्हे आणि पाणी एकटे नव्हे. इंजिन देऊ शकते ती शक्ती आणि पाणी मागते ती शक्ती जेथे सारख्या होतात, तेथे फेरे स्थिर होतात. रस्सीखेचीत दोर कोणत्या बाजूला सरकला यावरून कोण दमले ते कळते, तसेच येथे आहे. फेरे वाढले आणि तरी होडी मंदावली, तर इंजिनाची ताकद शाबूत आहे. पलीकडे पाण्याची पकड सुटली आहे. दोष पंख्याकडे आहे. उलट फेरे कमी झाले, तर एकतर इंजिन दमले आहे, नाहीतर होडीचे ओझे वाढले आहे.

घनाच्या या नियमातून आणखी एक गोष्ट निघते. फेरे निम्मे केले, तर लागणारी शक्ती निम्मी होत नाही. एक अष्टमांश होते. २५ अश्वशक्तीची मोटर ५००० ऐवजी २५०० फेऱ्यांवर चालवली, तर ती जेमतेम तीन अश्वशक्ती देत असते. म्हणजे मोटरची निम्मी ताकद हरपली असली तरी २५०० फेऱ्यांवर ती अगदी निरोगी वाटेल! ‘हळू चालवली तर छान चालते, जोरात घेतली की दमते’ ही तक्रार प्रत्येक किनाऱ्यावर ऐकू येते, तिचे कारण हे. आणि म्हणूनच किनाऱ्यावर गिअर न लावता मोटर घरघरवून ‘बघा, काही झालेले नाही’ असे म्हणण्यात काही अर्थ नाही. तेव्हा पंख्यावर पाण्याचा भारच नसतो. मोटर स्वतःच्या घर्षणापुरतीच शक्ती देत असते. सहा जणांना घेऊन डोंगर चढू न शकणारा माणूस खुर्चीवर बसून पाय हलवून दाखवतो, तसलीच ही परीक्षा. शिवाय बिनभाराची मोटर पूर्ण मूठ पिळून फिरवणे तिच्या प्रकृतीला घातकही आहे.

निम्मी शक्ती उरली तर पूर्ण मूठ पिळल्यावर फेरे किती उरतील? निम्म्याचे घनमूळ ०.७९ येते, म्हणजे साधारण चार पंचमांश. ५००० चे ४०००. छोट्या मोटरींवर फेरे दाखवणारे घड्याळ नसते. पण कान असतात. दोन सिलिंडरच्या टू-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेऱ्यात दोन स्फोट होतात. ५००० फेऱ्यांना सेकंदाला १६७ स्फोट, ४००० ना १३३. या दोन आकड्यांचे गुणोत्तर पाचास चार. पेटीवर शुद्ध गंधार आणि षड्ज यांच्या कंपनसंख्यांचेही तेच गुणोत्तर मानतात. म्हणजे मोटरची निम्मी ताकद गेली की तिचा सूर ‘ग’वरून ‘सा’वर उतरतो. जुन्या तांडेलांना घड्याळावाचून मोटरचे दुखणे कळते ते यामुळेच. गाणे शिकणाऱ्या वाचकांनी हा फरक पेटीवर वाजवून पाहावा.

फेरे वाढले, होडी मंदावली

प्रथम हा सोपा गट घेऊ. पंखा हा पाण्यात शिरणारा स्क्रू आहे. एका फेऱ्यात तो जेवढा पुढे जायला हवा, ते अंतर पात्यांच्या पिळावरून ठरते. समजा ते अंतर २८ सेंटिमीटर आहे आणि गिअरमुळे इंजिनाच्या दोन फेऱ्यांना पंख्याचा एक फेरा होतो. ५००० फेऱ्यांना पंख्याचे २५०० फेरे होतील आणि होडी मिनिटाला ७०० मीटर, म्हणजे ताशी ४२ किलोमीटर जायला हवी. प्रत्यक्षात ती ३४ किलोमीटर जाते. स्क्रू लाकडात घट्ट बसतो, पाणी मात्र मागे सरकते. त्यामुळे ही सुमारे १९ टक्के घसर आलीच. तेवढी असायचीच, कारण पाणी मागे ढकलले नाही तर होडी पुढे जाणार कशी? न्यूटनचा तिसरा नियम येथेही सुटत नाही. पण पात्याची कड दगडाला लागून दुमडली, किंवा पात्यांभोवती नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा अथवा प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळली गेली, की घसर एकदम वाढते. पिशवी निघते; जाळ्याचा बारीक धागा मात्र पंख्याच्या मागे दंडावर घट्ट गुंडाळून आतले तेलाचे सील कापतो आणि गिअरच्या तेलात पाणी शिरते. ते तेल दुधासारखे पांढरट झालेले दिसले, तर कारण बहुधा हेच.

मोटर फळीवर फार उंच बसवली असेल, किंवा लाटेवर होडीचा मागचा भाग उचलला गेला, तर पंखा पृष्ठभागावरची हवा खाली ओढून घेतो. हवेत पात्यांना पकड नाही. मोटर एकदम किंचाळते आणि होडी मात्र जागच्या जागी. पंख्याच्या वर जी आडवी पाटी दिसते, ती ही हवा अडवण्यासाठीच असते. ती होडीच्या तळाच्या पातळीत आली पाहिजे.

या पाटीला बरेच जण कॅव्हिटेशनची पाटी म्हणतात. ते नाव चुकीचे आहे, कारण कॅव्हिटेशन ही निराळीच आणि फार मनोरंजक घटना आहे. १८९४ मध्ये इंग्लंडमध्ये चार्ल्स पार्सन्स यांनी वाफेच्या टर्बाइनवर चालणारी ‘टर्बिनिया’ ही नौका पाण्यात सोडली. टर्बाइन जोरदार होते, पंखा प्रचंड वेगाने फिरत होता. पण नौकेला हवा तो वेग येईना. आपल्या भाषेत सांगायचे तर फेरे भरपूर आणि जोर गायब. पार्सन्स यांनी काचेची खिडकी असलेल्या टाकीत छोटे पंखे फिरवून पाहिले. वेगाने फिरणाऱ्या पात्यांच्या पाठीशी पोकळ्या तयार होताना त्यांना दिसल्या. पात्याच्या पाठीमागे पाण्याचा दाब घसरतो. पाणी १०० अंशांना उकळते ते नेहमीच्या हवेच्या दाबाखाली. दाब त्याच्या सुमारे चोविसाव्या भागाइतका उतरला, तर ३० अंशांचे पाणीही उकळू लागते! म्हणजे पात्यामागे थंड पाणी उकळत होते आणि पाता पाण्याऐवजी वाफेत फिरत होता. पार्सन्स यांनी मग एका दंडाऐवजी तीन दंड बसवले, प्रत्येकावर तीन पंखे, आणि भार नऊ पंख्यांवर वाटून दिला. १८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवी आरमारी संचलनात टर्बिनिया ३४ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ६३ किलोमीटर वेगाने युद्धनौकांच्या रांगांमधून धावली. आपल्या होडीच्या पंख्याची कड खरवडलेली असली तर तिच्या मागेही अशाच पोकळ्या होतात. त्या फुटताना धातूला खड्डे पाडतात. पंख्यावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसले, तर ते याचेच.

या गटातला एक दोष मात्र डोळ्यांना दिसत नाही. बहुतेक पंख्यांच्या मध्यभागी रबराचा गाभा घट्ट दाबून बसवलेला असतो. पाता दगडावर आदळला, तर धक्का गिअरला न बसता रबर घसरावे अशी ती योजना. पण एकदा घसरलेले रबर पुढे थोड्याही जास्त जोराला घसरत राहते. हळू चालवताना ते धरते. मूठ पिळली की इंजिनाचे फेरे चढतात आणि पंखा मागे राहतो. वरून सगळे धडधाकट! याची परीक्षा झकास आहे. मोटर बंद असताना पंख्याच्या आतल्या आणि बाहेरच्या नळीवर मिळून न पुसणाऱ्या शाईची एक सरळ रेघ ओढावी. होडी जोरात फिरवून आणावी. रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकले असतील, तर चोर सापडला.

फेरे उतरले : इंधनाचे हौद

आता फेरे कमी झाले असतील तर? इंजिनाला चार गोष्टी लागतात : योग्य प्रमाणात इंधन आणि हवा, वेळेवर ठिणगी, सिलिंडरमधला पुरेसा दाब, आणि थंडावा. माझ्या मते समुद्रावर पहिला संशय इंधनाच्या वाटेवर घ्यावा. कारण साधे आहे : मघाच्या घनाच्या नियमाप्रमाणे ‘हळू ठीक, जोरात दमते’ हे लक्षण अपुऱ्या पुरवठ्याशी तंतोतंत जुळते.

टाकीपासूनच सुरुवात करा. टाकीच्या झाकणावर एक छोटा स्क्रू असतो. प्रवासात इंधन सांडू नये म्हणून तो बंद करतात आणि निघताना उघडायला विसरतात. २५ लिटरच्या टाकीत २० लिटर इंधन आहे, वर पाच लिटर हवा आहे. मोटरने एक लिटर इंधन घेतले की त्या हवेला सहा लिटर जागा मिळते. बॉइलच्या नियमाने तिचा दाब पाच षष्ठांश झाला. पेट्रोलची वाफ थोडी भरपाई करते, ती तूर्त सोडून देऊ. बाहेरची हवा आणि आतली हवा यांच्यातला हा एक षष्ठांश फरक म्हणजे सुमारे सव्वादोन मीटर उंचीचा पेट्रोलचा स्तंभ! मोटरचा इंधनपंप म्हणजे एका पातळ पडद्याची धडधड. एवढ्या ओढीपुढे तो हात टेकतो. २५ अश्वशक्तीची टू-स्ट्रोक मोटर पूर्ण जोरात तासाला दहा-बारा लिटर पेट्रोल पिते, म्हणजे एक लिटर साधारण पाच मिनिटांत संपते. म्हणून किनाऱ्यावर उत्तम चालणारी मोटर बरोबर खाडीच्या मुखाशी पोहोचेपर्यंत दमते. थोडा वेळ बंद ठेवली, झाकण सैल केले, की फुस्स असा आवाज होऊन पुन्हा चालते. मग ते श्रेय कोणत्या तरी नवसाला जाते.

टाकी आणि मोटर यांच्यामधल्या नळीत एक रबरी फुगा असतो. तो वैद्याच्या हाताखालची नाडीच आहे. मोटर दमत असताना तो आत खेचला जाऊन चपटा झाला, तर अडथळा फुग्याच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला. मोटर दमत असतानाच कोणी तो हाताने दाबत राहिले आणि मोटरने पुन्हा सूर धरला, तर ठिणगी निर्दोष, सिलिंडर निर्दोष, दोष पुरवठ्याचा. एका हाताने केलेला हा प्रयोग मोटर न खोलता अर्धा तपास पुरा करतो.

किती वेळाने दमते, हाही पुरावा आहे. कार्ब्युरेटरच्या तळाशी इंधनाचा एक छोटा पेला असतो. त्यात समजा ५० मिलिलिटर मावते, आणि मोटर पूर्ण जोरात सेकंदाला तीन मिलिलिटर पिते. पंप निम्मेच, म्हणजे दीड मिलिलिटर देत असेल, तर पेला किती वेळात रिकामा होईल? नळ आणि हौदाचे गणित तुम्ही पाचवी-सहावीत रडतखडत केले असेल, तेच हे. उत्तर सुमारे ३३ सेकंद. मूठ पिळल्यावर अर्धा मिनिट जोर आणि मग दम, हे लक्षण पंपाकडे अथवा तुंबलेल्या गाळणीकडे बोट दाखवते. पहिल्या क्षणापासूनच जोर नसेल, तर पेल्याच्या पुढे, जेटमध्ये पाहावे.

पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना दरवर्षी १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते. दोन महिने उभ्या राहिलेल्या मोटरीच्या पेल्यातले पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट राळ राहते. जेटचे भोक एक मिलिमीटर व्यासाचे असेल आणि त्याच्या कडेला मिलिमीटरचा विसावा भाग राळ बसली, तर व्यास ०.९ होतो आणि भोकाचे क्षेत्रफळ १९ टक्क्यांनी घटते. डोळ्याला न दिसणारा थर, आणि इंधन जवळजवळ एक पंचमांश कमी! येथे नुसत्या वेगाचा प्रश्न राहत नाही. टू-स्ट्रोक मोटरमध्ये वंगणाचे तेल सामान्यतः पेट्रोलातच मिसळलेले असते, पन्नासास एक अशा प्रमाणात. पेट्रोल कमी गेले म्हणजे तेलही कमी गेले. दमलेल्या मोटरीची मूठ तशीच पिळून धरणारा माणूस कोरड्या सिलिंडरात दट्ट्या घासत असतो. तासाभरात दट्ट्या अडकून मोटर कायमची निकामी होऊ शकते, आणि मासळीवर पोट असलेल्या घराचा हंगाम जातो. पुरवठ्यावर संशय असेल तर मूठ सोडून हळू परत यावे. घनाच्या नियमामुळे हळू येण्यास फार थोडे इंधन पुरते.

पेट्रोलात पाणी ही पहिल्या माणसाची शंका आता पूर्वीपेक्षा जास्त गंभीर झाली आहे. आपल्याकडील पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल पाण्याला जवळ करते. थोडे पाणी असेपर्यंत ते विरघळून राहते. पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि जड असल्यामुळे तळाशी बसतात. इंधन ओढणारी नळीही तळाशीच असते! संशयित इंधन जाणत्या माणसाने काचेच्या स्वच्छ बाटलीत काढून मोकळ्या हवेत, विस्तवापासून दूर, थोडा वेळ ठेवले तर दोन थर दिसतात. विद्यार्थ्यांनी हा प्रयोग घरी किंवा प्रयोगशाळेत स्वतः करू नये.

ठिणगी, दाब आणि पाण्याची धार

दोन सिलिंडरांपैकी एकाची ठिणगी गेली, तर सूर नुसता उतरत नाही, तो फाटतो. फेऱ्यामागे दोनऐवजी एकच स्फोट होतो आणि सगळी होडी थरथरते. प्लग काढून पाहिले तर कामावरचा प्लग बिस्किटाच्या रंगाचा दिसतो. संपावर गेलेला काळा आणि पेट्रोलने ओला. दाबाची परीक्षा मापकाने होते, आणि त्यात एका आकड्यापेक्षा दोन्ही सिलिंडरांचे आकडे जवळपास सारखे असणे महत्त्वाचे. या दोषांना किनाऱ्यावरचा कारागीर लागतो, म्हणून येथे त्यांचा विस्तार करत नाही.

थंडाव्याबद्दल मात्र थोडे थांबू. मोटरसायकलला वारा मिळतो, मोटारगाडीला रेडिएटर असतो. आउटबोर्ड मोटर समुद्राचेच पाणी ओढून अंगावरून फिरवते आणि सोडून देते. समजा इंजिनातून पाण्याला दर सेकंदाला १५,००० जूल उष्णता द्यायची आहे आणि पाणी ३० अंशांनी तापलेले चालते. पाण्याची विशिष्ट उष्णता किलोग्रॅममागे ४,२०० जूल धरली, तर मिनिटाला सुमारे सात लिटर पाणी फिरले पाहिजे. हे काम पायातला, बोटभर पात्यांचा एक रबरी पंप करतो. पाण्याबाहेर मोटर मिनिटभर चालवली तरी त्याची पाती करपतात. वाळूच्या उथळ पाण्यात ती झिजतात. मोटरच्या बाजूने पेन्सिलीएवढी पाण्याची धार बाहेर पडते, ती हा पंप जिवंत असल्याची खूण. धार बारीक झाली, की आधी तिच्या भोकातले मीठ तारेने काढून पाहावे. तरी सुधारली नाही तर मोटर बंद करावी. आजच्या बऱ्याच फोर-स्ट्रोक मोटरी तापल्यावर स्वतःच फेरे उतरवून शिट्टी देतात. अशा मोटरीचा जोर गेलेला नसतो. तिने तो मुद्दाम आवरलेला असतो.

मोटर निरोगी, होडी जड

राहिला शेवटचा संशयित : होडी स्वतः. इंजिनाचा सूर स्वच्छ, धार जोरदार, पंखा सरळ, तरी फेरे उतरलेले. अशा वेळी तळ पाहावा. पाण्यात उभ्या राहिलेल्या होडीच्या तळावर शेवाळ धरते, आणि बार्नेकल नावाचे चुन्याच्या कवचाचे चिमुकले प्राणी कायमचे घर करतात. तळ खवल्यासारखा खरखरीत होतो, पाण्याचा विरोध वाढतो. तळाच्या दुहेरी थरांत साचलेले पाणीही असेच छुपे ओझे.

ओझे हळूहळू वाढते. पण वेग मात्र एके दिवशी एकदम कोसळतो. याचे कारण लाटा. होडी पाण्यातून जाताना पुढे एक लाट उभी करते, आणि वेग वाढेल तशी तिची लांबी वाढते. खोल पाण्यातील लाटेचा वेग काढण्यासाठी गुरुत्वत्वरणाला लाटेच्या लांबीने गुणावे, दोन पायने भागावे आणि वर्गमूळ घ्यावे. लांबी सहा मीटर घातली, की सेकंदाला तीन मीटरहून किंचित जास्त, म्हणजे ताशी ११ किलोमीटर येतात. सहा मीटरच्या होडीला यापेक्षा वेगाने जायचे, तर स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढून जावे लागते. चढ ओलांडला की होडी पाण्यावरून सरकू लागते आणि मग तुलनेने कमी शक्तीत ताशी तीस किलोमीटरही गाठते. चढायला पुरेशी शक्ती उरली नाही, तर ती ११ च्या आसपासच नाक वर करून घुटमळते. म्हणजे मोटरचा थोडासा जोर कमी झाला, किंवा दोन माणसे जास्त बसली, तरी वेग तिसऱ्या हिश्शावर येऊ शकतो. आणि काल ठीक असलेली मोटर आज ‘अचानक’ बिघडली असे वाटते.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी अशी होडी असेल, तर एक वही घाला. तितकीच माणसे, तितकेच इंधन, शांत पाणी. पूर्ण मूठ पिळल्यापासून होडी लाटेवर चढून सरकू लागेपर्यंत किती सेकंद लागले, ते दर पंधरवड्याला लिहून ठेवा. हा आकडा वेग कोसळण्याच्या कितीतरी आधी वाढू लागतो, आणि तळ खरवडून स्वच्छ केल्यावर तो किती उतरला यावरून वाढीतला होडीचा वाटा किती आणि मोटरचा किती, तेही वेगळे काढता येते.